तीन टिंबांचं चाक

ही गोष्ट लिहायचीच नाय, असं अमेयनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. दोनदा बसला, चार ओळी टाइप केल्या आणि मोबाईल पालथा घालून ठेवला. सांगायची होती बुद्धभूषणची गोष्ट. पण तिच्या मधोमध अमेय स्वतः उभा आहे, आणि तिथं उभा असलेला अमेय काही बघण्यासारखा नाय. त्याला वगळून सांगून बघितली. जमेना. शेवटी त्यानं ठरवलं, जाऊ दे, जशी झाली तशी.

सोळा सालचा उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. नळाला सहाव्या दिवशी पाणी, ते पण पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात अख्खी सोसायटी बादल्या घेऊन जिन्यातून पळायची. बीड बायपासला मात्र नव्या इमारतींचे सांगाडे आठवड्याला एक मजला वर चढत होते. रस्त्यावर बघावं तिकडं टँकर. टँकरच्या मागं सिमेंटचा मिक्सर, मिक्सरच्या मागं पुन्हा टँकर.

अशा शहरात आणि आसपासच्या गावांत चाळीसेक येडे राहत होते. कुणाकडं झेन, कुणाकडं एस्टीम, कुणाकडं पहिल्या जमान्यातली सिटी. कंपनीतून आली तशी गाडी यांना चालायची नाय. कुणाला हलकी चाकं पाहिजेत, कुणाला कडक स्प्रिंगा, कुणाला मोकळा सायलेन्सर. नवीन घ्यायची ऐपत एकाचीही नव्हती. म्हणून एकाच्या गाडीतून निघालेला पार्ट दुसऱ्याच्या गाडीत, तिथून तिसऱ्याच्या. काही पार्ट तर असे होते की त्यांनी जेवढ्या गाड्या बघितल्या होत्या तेवढ्या मालकानं पण बघितल्या नसतील.

त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. नाव 'भंगार म्हणू नका'. ग्रुपला नियम एकच, आणि तो बुद्धभूषणनं घालून दिलेला: ऐब आधी, फोटो नंतर, भाव सगळ्यात शेवटी. ऐब म्हणजे खोट. काही विकायचं असलं तर पहिल्या ओळीत त्याची खोट लिहायची. मेसेज असे यायचे:

"एस्टीमचा सायलेन्सर. ऐब: आतून गंज. गाडी थंड असली की टिकटिक वाजतो, गरम झाली की गप. एक नट मी येडेपणानं मोडला, तो आतच राहिला. शेजारी भांडायला येतात. आता फोटो."

पुण्यामुंबईचे कुणी चुकून ग्रुपात आले की हसायचे. एवढं खरं लिहून माल विकतो का कुणी? पण माल अर्ध्या तासात जायचा. न बघता जायचा. पिशोरचा माणूस पैठणच्या माणसाकडून गिअरबॉक्स घ्यायचा आणि दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नसायचं.

बुद्धभूषण वाळूजच्या एका कंपनीत टर्नर. वय पस्तिशीच्या आसपास. मुकुंदवाडीला घरामागं पत्र्याचं शेड, त्यात बंद पडलेल्या वर्कशॉपमधून आणलेलं लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र. ते लेथ त्यानं दीड वर्ष एकेक स्क्रू खोलून उभं केलं होतं. अमेय पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा तो डोळे मिटून उभा होता, बोट लेथवर फिरून थांबलेल्या ब्रेकच्या ड्रमवर. अमेयला वाटलं, काय नाटक आहे. डोळे न उघडता तो म्हणाला, "इथं उंच आहे. केसाच्या अर्ध्याएवढं." मग मोजायचं गेज लावलं. होतं. अर्ध्या केसाएवढंच होतं. त्या दिवसापासून अमेय त्याला दादा म्हणायला लागला. डिग्रीवाले इंजिनिअर शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायचे आणि हा सांगेल ते वहीत लिहून घ्यायचे. अमेयकडं तर डिग्री पण नव्हती. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं. जे काही येत होतं ते मोबाईलवर बघून आणि या शेडात उभं राहून.

खड्ड्यात आपटून वाकलेली अलॉयची चाकं बुद्धभूषण सरळ करून द्यायचा. चीर गेली असली तर वेल्डिंग करायचा, आणि वेल्डिंग अशी की नखाला लागायची नाय. पण असं जोडलेलं चाक देताना तो त्याच्या आतल्या अंगाला, हवा भरायच्या नळीशेजारी, पंच ठेवून हातोडीचे तीन ठोके मारायचा. ठक ठक ठक. तीन टिंबं. त्याचा अर्थ सगळ्या ग्रुपला पाठ होता: हे चाक स्टेपनीचं. पंक्चर झालं तर घरापर्यंत हळू जायचं. पळवायचं नाय.

"जोड दिसत नाय, दादा," कुणी म्हणायचं.

"दिसत नाय म्हणूनच टिंबं," तो म्हणायचा.

एप्रिलमध्ये ग्रुपातल्या मंदारची बदली हैदराबादला झाली. त्यानं आपली पाच चाकं अमेयला विकली. हलकी, जुनी, जपानी. ऐब त्यानं नियमाप्रमाणं लिहूनही दिला आणि सामान ट्रकमध्ये चढवता चढवता फोनवर सांगितला पण, "अम्या, पाचातल्या एकाला भूषणदादाची तीन टिंबं आहेत बघ. ते स्टेपनीला." अमेय हो म्हणाला. ऐकलं होतं. समजलं होतं. इथं तो कुठलीही सबब सांगू शकत नाय.

चाकं गच्चीवर आली. अमेयला एक गोष्ट खरंच यायची, ती म्हणजे मळकी वस्तू घासून उजळणं. वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर घेऊन तो आठ दिवस चाकांना भिडला. पेपर ओला करून घासावा लागतो, आणि घरात पाण्याचा थेंब मागायची सोय नव्हती. वडील, अनंतराव, जिल्हा परिषदेत क्लार्क होते. ते एकदाच म्हणाले, "लोक आंघोळीचं पाणी मापानं घेतात आणि आमचे चिरंजीव चाकांना अभ्यंगस्नान घालतात." मग अमेयनं कोपऱ्यावरच्या एटीएमच्या एसीखाली बादली लावली. दिवसभरात अर्धी भरायची. वॉचमनला चहा पाजला की ती त्याची.

टिंबवाल्या चाकावर त्यानं कागदी चिकटपट्टी लावून ठेवली होती. रंगाच्या आधी ती काढावी लागली. टिंबंही अस्तराच्या पुट्टीत बुजली, कारण तिथं रंग नीट बसत नव्हता आणि फोटोत खड्डे दिसले असते. तरी चालेल, त्याला वाटलं, पाण्याच्या टाकीजवळचं ते टिंबांचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

दुसऱ्या दिवशी आईनं गच्चीवर कुरडया घातल्या.

तो वर गेला तेव्हा सगळ्या गच्चीत पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा, आणि पाचही चाकं जिन्याच्या सावलीत एकावर एक. आई म्हणाली, "मीच हलवली बाबा, अलगद. एकाला पण ओरखडा नाही." खरंच नव्हता. पाचही चाकं एकसारखी चमकत होती. अमेयनं एकेक उचललं, आतून बघितलं, उन्हात फिरवलं. कुठलं टिंबांचं, ते त्याला कळेना. त्यानं स्वतःच इतकं छान केलं होतं की त्यालाच कळेना.

त्याच क्षणी मुकुंदवाडीला जायला पाहिजे होतं. तो गेला नाय. उन्हात ती चाकं अशी दिसत होती की त्यानं आधी फोटो काढले. मग फोटो इतके भारी आले की ते टाकल्याशिवाय राहवेना. मग पहिल्या ओळीपाशी बोट थांबलं. "ऐब:" लिहून तो बराच वेळ बसला. रंग ओरबाडून शोधायचं म्हणजे आठ दिवस पाण्यात. आणि पाचात एक. घेणारा एक तरी स्टेपनीला टाकणारच ना. काय सांगावं, तेच पडेल डिकीत.

त्यानं लिहिलं, "ऐब: नाय."

ग्रुपच्या तीन वर्षांत असलं कुणी लिहिलं नव्हतं. अंगठे, टाळ्या, आगीची चित्रं. "अम्या, हात आहेत की काय!" "भाऊ, आरसा विकतोय का चाक?" त्याला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं, की पोटात काहीतरी टोचत होतं ते त्यानं भूक समजून घेतलं.

चाकं घेतली पाचोडच्या कडुबानं. कडुबा टँकर चालवायचा. त्या उन्हाळ्यात दिवसाला चार खेपा, गावोगाव. आणि घरी एक लाल एस्टीम, जी त्यानं स्वतः खोलून स्वतः बांधली होती. टँकर घेऊनच तो गारखेड्याला सोसायटीच्या दारात आला. बायका हंडे घेऊन खाली धावल्या.

"रिकामा हाय, माय, रिकामा हाय!" कडुबा खिडकीतून ओरडला. "चाकं न्यायला आलोय!"

गच्चीवर तो चाकापुढं उकिडवा बसला, तोंड बघितलं त्यात, मिशीवरून हात फिरवला. "आयला. आमच्या पाचोडच्या बाजारात बैल इकताना मालकाला खोड सांगावी लागतीय. लाथ मारतो का, बसतो का. लपवली तर बैल माघारी, अन् त्या माणसाकडं पुन्हा गिऱ्हाईक जात नाय. तसाच तुमचा ग्रुप हाय म्हणून म्या इथं घेतो. ऐब नाय ना?"

"नाय," अमेय म्हणाला.

"मग झालं."

त्यानं आत हात घालून पण बघितलं नाय.

गुरुवारी बुद्धभूषणचा फोन आला. मागं कंपनीच्या भोंग्याचा आवाज. "अम्या, पॉलिश एक नंबर. मी सगळ्या डिपार्टमेंटला दाखवलं. मंदारच्या सेटमधलं ते तीन टिंबांचं कुठं ठेवलं रे?"

"आहे ना दादा. गच्चीवर."

"हां. सांभाळ. त्याची चीर लई लांब होती."

फोन ठेवल्यावर अमेयनं कडुबाचा नंबर काढला. लावला. वाजायच्या आधी कापला. असं तीनदा. शुक्रवारी कडुबाचाच फोटो आला ग्रुपवर: लाल एस्टीम, चमकती चाकं, खाली लिहिलेलं, "रविवारी तळ्यात." पाचोडच्या अलीकडचा पाझर तलाव दोन वर्षांपासून कोरडा ठणठणीत होता. त्याच्या तळात फक्कीनं, म्हणजे मैदानावर रेघा मारायची ती पांढरी पूड, तिनं वळणं आखून ही मंडळी घड्याळ लावून गाड्या पळवायची. भेगाळलेली जमीन, मध्येच दगड. चाकांची परीक्षा व्हायची ती तिथं.

शनिवारी अमेयला जेवण गेलं नाय. रविवारी सकाळी सातला तो मुकुंदवाडीत शेडच्या दारात उभा होता.

लेथ चालू होतं. बुद्धभूषणनं मान वर केली, अमेयचं तोंड बघितलं आणि मशीन बंद केलं. फिरतं थांबेपर्यंत थांबला. अमेयनं सगळं सांगितलं. पट्टी, पुट्टी, कुरडया, "ऐब: नाय", गुरुवारचं खोटं. एका दमात, जमिनीकडं बघत.

बुद्धभूषणनं कोपऱ्यातल्या डब्यातून लाकडाचा भुसा घेतला, साबणाच्या चुऱ्यात कालवला, हात चोळले, फडक्याला पुसले. पाणी वाचवायची ती त्याची पद्धत. मग म्हणाला, "कडुबाला फोन लाव."

नॉट रिचेबल. तलावाच्या तळात रेंज कुठली यायला?

"चल."

त्याच्या झेनमध्ये बसले. चिकलठाण्याच्या अलीकडून वळून बीडच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूला प्लॉटिंगच्या कमानी, 'निसर्गाच्या सान्निध्यात', आणि कमानीच्या आत वाळलेलं कुसळ. आडूळ मागं पडलं तेव्हा अमेयलाच राहवेना.

"दादा, शिव्या तरी द्या."

"गाडी चालवतोय. शिव्या दिल्या की माझा पाय जड होतो."

"डिकीतच असेल का हो ते? पाचातलं एकच."

"चार पळतात, एक झोपतं. तूच कर हिशोब." थोड्या वेळानं म्हणाला, "मंदार ती गाडी एकशे वीसनं मारायचा. त्या चाकाला मी आतून जोड दिला, बाहेरून दिला. दोन रविवार घातले. तरी मला भरवसा नव्हता. म्हणून ठोकली टिंबं."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याचंच अमेयला जास्त लागलं.

तलावाच्या बांधावर गाडी चढली आणि खाली सगळं दिसलं. सात-आठ गाड्या, एका बाजूला कडुबाचा टँकर, सकाळच्या दोन खेपा टाकून आलेला. पांढऱ्या फक्कीची वळणं. आणि सुरुवातीच्या रेघेवर लाल एस्टीम, इंजिन चालू, मागून धुराचा फुरका. आत ड्रायव्हरच्या सीटवर कडुबा. बाजूच्या सीटवर, डोक्यावर पदर घट्ट ओढून, पट्टा बांधून, कडुबाची आई आवडाबाई.

झेन पूर्ण थांबायच्या आत अमेयनं दार उघडलं. उतारावरून पळाला, भेगेत पाय अडकून पडला, उठला, आणि दोन्ही हात वर करून लाल गाडीच्या तोंडासमोर उभा राहिला. घड्याळवाला शिट्टी तोंडात धरून तसाच राहिला.

"अय येड्या! मरायचंय का?" कडुबानं खिडकीतून डोकं काढलं. "आरं, हे तर अमेय शेठ! काय झालं?"

"कडुबाभाऊ, बंद करा. ऐब आहे."

"कशाला ऐब?"

"चाकाला. पाचातल्या एकाला. मला माहिती होतं. मी लिहिलं नाय."

इंजिन बंद झालं. गरम बॉनेटची टिकटिक तेवढी ऐकू यायला लागली. कडुबा उतरला. अमेयपेक्षा हातभर उंच. त्यानं एकदा अमेयकडं बघितलं, एकदा गाडीत बसलेल्या आईकडं.

"आठ दिस झाले, रोज म्हणतीय मला फिरव, मला फिरव," तो हळू आवाजात म्हणाला. "आज बसवली. माझी माय हाय ती, मालक. ती बसलीय त्या शिटावर."

कडुबाचा हात वर गेला. मारणार असं सगळ्यांना वाटलं, अमेयला पण. त्यानं मान खाली घातली.

"कडुबा," आतून आवडाबाईचा आवाज आला, "आधी हा पट्टा सोड मेल्या. मग मार त्याला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कडुबाचा हात तसाच खाली आला. तो आईला सोडवायला गेला.

बुद्धभूषण तोवर जॅक घेऊन खाली आला होता. "कडुबा, राग नंतर. आधी पाचही चाकं काढ."

चार निघाली, डिकीतलं पाचवं निघालं. ओळीनं टायरसकट जमिनीवर ठेवली. बुद्धभूषणनं पान्यानं एकेकाला ठोकून आवाज ऐकला. टायर चढवलेला, आवाज बसका. पाचांचा सारखा. डोळे मिटून बोट फिरवलं. पहिल्यांदाच अमेयनं बघितलं की त्या बोटाला काही कळलं नाय. बुद्धभूषणनं डोळे उघडले आणि अमेयकडं बघितलं.

"काय घासलंस रे," तो म्हणाला. "माझा जोड मलाच सापडंना."

हे कौतुक होतं. अशा वेळी, सगळ्यांसमोर, मनापासून केलेलं. थप्पड परवडली असती, हे अमेयला सोसवेना.

"टिंबं टोकरून सापडतील, पण बाकीच्यांना चीर आहे का, ते टिंबं सांगत नायत. डिझेल कुणाकडं आहे? आणि ती फक्की आणा घमेलंभर."

डिझेल टँकरमध्ये होतं. आधी थिनरचं फडकं घेऊन त्यानं प्रत्येक चाकाच्या आतल्या काठाचा रंग उतरवायला लावला. अमेयनंच उतरवला. आठ दिवसांचं काम, पाव तासात फडक्याला आलं. मग बुद्धभूषणनं उघड्या धातूवर डिझेल चोपडलं. "बसू द्या. घाई नाय." दहा मिनिटं सगळे उन्हात उभे. मग कोरड्या कापडानं एकदम स्वच्छ पुसलं, आणि वरून चिमटी-चिमटी फक्की भुरभुरली, भाकरी थापताना पीठ टाकतात तशी.

"चीर असली तर तिच्या पोटात डिझेल राहतं," तो सगळ्यांना सांगत होता. "पुसलं तरी निघत नाय. पांढऱ्या पुडीवर ते आपोआप वर येतं. पाण्याचं टेस्टिंग परवडत नाय औंदा. हे बिनपाण्याचं."

पहिलं चाक पांढरं. दुसरं पांढरं. डिकीतलं पांढरं. डिकीतलं ते नाय, म्हणजे पळणाऱ्या चारातलं आहे. मागचं उजवं पांढरं.

पुढच्या डाव्या चाकावर पुडीत एक काळसर रेघ उमटायला लागली. आधी केसासारखी. मग बोटभर. कुणी काढत नव्हतं आणि ती लांब होत होती. जोडाच्या शेजारून निघून ती काठापर्यंत गेली.

कडुबा वाकून बघत राहिला. "सकाळी यातच हवा कमी निघाली व्हती," तो म्हणाला. "म्या म्हटलं बाभळीचा काटा असंल. भरली न् आलो."

बुद्धभूषणनं खिशातून टोचा काढला आणि नळीशेजारी टोकरलं. पुट्टीचे तीन बारीक तुकडे पडले. तीन टिंबं.

आवडाबाई खाली बसली. त्या रेघेवरून तिनं करंगळी फिरवली, फक्की लागलेली करंगळी बघितली. "एवढीशी?" ती म्हणाली. मग अमेयला, "लेकरा, चमकवलं कुणी हे?"

"मीच, काकू."

"भांडी घासायला ठेवावं असा हात हाय तुझा. पण तोंड काऊन बुजवून ठेवलं? बोलायचं व्हतं की."

आता सगळेच हसले. कडुबा पण, नाकातून. पण अमेयकडं बघितलं नाय त्यानं.

"कडुबाभाऊ, पैसे सगळे परत देतो. आज देतो."

"पैसं नको मला. चार चाकं चांगली हायत, ती मला पाहिजेत." तो बुद्धभूषणकडं वळला. "भूषणभाऊ, ही चार पळवायची का? तुमी सांगा."

बुद्धभूषणनं चारही पुन्हा बघितली, पुडी फुंकली, काठ तपासले. "ही पळव. माझी जबाबदारी."

"मग पळवतो. पण आई नाय बसायची पहिल्या चक्कराला." कडुबानं बाजूच्या सीटकडं बोट केलं. "हे बसतील. शेठ."

अमेय बसला. पट्टा आवडाबाईच्या मापाचा होता, तो त्यानं सैल केला. शिट्टी वाजली. मग जे झालं ते सांगायला त्याच्याकडं शब्द नाहीत. कडुबा टँकर चालवतो तेव्हा झोपेत चालवल्यासारखा चालवतो. इथं तो वेगळाच माणूस होता. स्टिअरिंगला दोन बोटं, पाय तबलजीच्या बोटांसारखे. पहिल्या वळणावर गाडी आडवी गेली, आख्खं तळं खिडकीतून सरकलं, अमेयनं डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर उघडले. दगडावर आपटलं, दातावर दात. प्रत्येक आपट्याला अमेय पुढच्या डाव्या बाजूला कान लावत होता. तिथं आता डिकीतलं चाक होतं. ते गात होतं. खरंच, रेतीवर बारीक गात होतं.

थांबल्यावर कडुबानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "भ्यालास?"

"लई."

"मला न सांगता तू आठ दिस भ्याला असशील त्यापेक्षा जास्त?"

अमेयनं विचार केला. "नाय. त्यापेक्षा कमी."

कडुबानं त्याच्या पाठीत धपका मारला. जोरातच मारला. राहिलेला हिशोब असेल. "उतर. आईला बसव."

आवडाबाई दोन चक्कर फिरून आली. पदर खांद्यावर, केस धुळीनं पांढरे. उतरल्यावर तिला उभं राहता येईना इतकं हसत होती. "आमचं मालक गेलं, बैलगाडी एवढी पळवायचं," ती म्हणाली. "त्यानंतर आज."

अमेय बांधावर चढला. वर रेंजची एक काडी येत होती. ग्रुप उघडला. हातातला मोबाईल डिझेलनं ओशट झालेला. त्यानं टाइप केलं: "मी विकलेल्या चाकांचा ऐब. एका चाकाला तीन टिंबं होती. मला माहिती होतं. मी बुजवली आणि नाय लिहिलं. कडुबाभाऊंची आई त्या गाडीत बसली होती. चाक सापडलं. सगळे ठीक आहेत. फोटो टाकतो." त्या रेघेचा फोटो टाकला. पाठवून मोबाईल बंद केला. कोण काय म्हणतं ते बघायची हिंमत नव्हती.

मागं पावलं वाजली. बुद्धभूषण चढून आला, हातात लोखंड कापायची करवत. चिरलेलं चाक त्यानं खालीच कापून दोन तुकडे केले होते. टायर काढून कडुबाला दिला होता.

"चूक माझी पण आहे," तो शेजारी बसत म्हणाला.

"तुमची कसली, दादा?"

"टिंबं बुजवता येतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाय. मला वाटायचं, ग्रुपातला माणूस कशाला बुजवेल? आता अशी चाकं मी जोडणारच नाय. कापून देणार. लोकांना राग आला तर आला." त्यानं चाकाचा अर्धा तुकडा पुढं केला. त्याच्यावर तिन्ही टिंबं होती आणि ती काळी रेघ. "दुसरा शेडमध्ये लेथच्या वर टांगणार आहे. हा तू ने."

खाली आवडाबाई टँकरच्या नळाखाली ओंजळ धरून उरलेल्या पाण्यानं तोंड धूत होती. एकच ओंजळ. मग तिनं नळ घट्ट बंद केला आणि पुन्हा एकदा तपासून बघितला.

"अम्या, तू मघाशी चार ओळी लिहिल्यास," बुद्धभूषण म्हणाला. "बऱ्या लिहिल्यास. पण मेसेज वर जातात रे, उद्या कुणाला दिसणार नायत. नवीन पोरं येतात. त्यांना टिंबांचा अर्थ सांगतो मी, पण असा नाय सांगता येत मला. तू सगळं नीट लिहून ठेव. कुरडयांसकट."

"मी काय लेखक आहे का, दादा?"

"चाकं घासायचं पण कुणी शिकवलं नव्हतं तुला." तो हसला. दिवसभरात पहिल्यांदा. "आणि माझी आरती नको त्यात. नियम माहिती आहे ना?"

अमेयनं तो अर्धा तुकडा मांडीवर घेतला. कापलेल्या काठाला धार होती, ऊन लागून तापलेला. त्यानं टिंबांवरून अंगठा फिरवला.

"माहिती आहे," तो म्हणाला. "लिहीन, दादा. ऐब आधी. माझाच."